घरीच पद्मिनीचं इंजिन उतरवायचं आहे. धाब्याची तुळई चालेल का?

बोरीकाठ · ६ एप्रिल, रात्री ९:४०

राम राम मंडळी. अमळनेरजवळच्या गावी वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १०८९ सीसीचं मूळ इंजिन. बंद पडलेली नाही, पण शंभर किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटर ऑइल पिते आणि मागे निळ्या धुराचा पडदा सोडते. वडिलांचे मिस्तरी आता राहिले नाहीत. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघून "भंगारात टाका साहेब" म्हटलं, तेव्हाच ठरवलं की इंजिन आपणच खाली घ्यायचं आणि बोअरिंगला (सिलिंडर आतून कातून घ्यायला) द्यायचं.

पान्यांचा पूर्ण सेट आहे, वाचन केलंय, चुलतभाऊ मदतीला आहे. अडलंय ते एकाच गोष्टीवर. गाडी जुन्या घराच्या ओसरीत मावते. घर धाब्याचं (मातीचं सपाट छत), वर सागाची जाडजूड तुळई, आजोबांच्या वेळची. तिला चेनपुली टांगून इंजिन उचललं तर चालेल का? आजवर त्या तुळईने सगळं धाबं पेललंय, हे तर जेमतेम दीडशे किलो.

उगाच_आगाऊ · रात्री १०:०२

गाडी भारी शे भो! फोटो टाका आधी, इंजिनाचं नंतर बघू.

काळीपिवळी · रात्री १०:३१

मूळचा चाळीसगावचा, पण काकांची मुंबईत पद्मिनी टॅक्सी होती, त्यामुळे हात बसलेला आहे. बोरीकाठ भाऊ, तुळईचं नंतर. इंजिन काढायची खरंच गरज आहे का, ते आधी पक्कं करा.

निळा धूर नेमका कधी येतो? सकाळी पहिला स्टार्ट मारल्यावर भसकन येऊन थांबतो, की चढावर आणि जोर दिल्यावर येतच राहतो? पहिला प्रकार असेल तर व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल झिरपतंय. ते हेड काढून होतं, ब्लॉक जागेवरच राहतो. दुसरा असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा.

कम्प्रेशन गेज लावा. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चारही सिलिंडरचं माप घ्या. जो कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा माप घ्या. आकडा चढला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर मधला हेड गॅस्केट उडालेला असतो, तोही इंजिन न काढता बदलता येतो. नुसती क्लच प्लेट बदलायची असली तरी गिअरबॉक्स खालून उतरतो. इंजिन उतरवायला लोकांना मजा वाटते, म्हणून सांगतोय.

बोरीकाठ · ८ एप्रिल, सायंकाळी ७:१५

गेज उसना आणला. एक नंबर १३०, दोन ८५, तीन १३०, चार ९० पीएसआय. ऑइल सोडल्यावर दोन नंबर १२५ आणि चार १२०. धूर चढावर आणि सतत. म्हणजे रिंगाच ना?

काळीपिवळी · सायंकाळी ७:५०

रिंगाच. सिलिंडरचे बोअरही घासलेले निघतील. उतरवा मग, आता माझी हरकत नाही.

तापीवाली · रात्री ८:२०

तुळईबद्दल मी सांगते. धुळ्याला पॉलिटेक्निकला शिकवते, आमचंही गावाकडचं घर धाब्याचंच आहे.

तुमचा हिशेब आकड्यात चुकीचा नाही. शंभर चौरस फूट धाब्यावर नऊ इंच माती धरली तर तीच साडेतीन टनांच्या आसपास भरते. त्यापुढे दीडशे किलो म्हणजे काहीच नाही. पण मातीचं वजन सगळ्या तुळईवर पसरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. इंजिन एकाच बिंदूवर टांगलं जातं, तेही तुळईच्या मधोमध, जिथे वाक सगळ्यात जास्त येतो. त्यात हिसका. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून सुटताना इंजिन एकदम झोका घेतं, त्या क्षणी भार दुप्पटही होऊ शकतो.

आणि जुनी तुळई मध्ये सहसा मोडत नाही. तिची टोकं जिथे मातीच्या भिंतीत गेलेली असतात, तिथे ओल आणि वाळवी असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. टोकाजवळ पेचकस खुपसून बघा. आरामात आत गेला तर उत्तर मिळालं. नाही गेला तरी मी ती तुळई वापरणार नाही, कारण ती घसरली तर नुसतं इंजिन पडणार नाही, वरची माती गाडीखाली वाकलेल्या माणसावर येईल.

स्लॅबच्या घरातल्या पंख्याच्या हुकाबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगते, तो पंख्यासाठीच असतो.

उगाच_आगाऊ · रात्री ८:४१

मी तेच विचारणार होतो ताई.

जुना_उस्ताद · रात्री ९:३०

काय भो, एवढं कसलं गणित. आमच्या वेळी जाड बांबू, सोलाचा दोर आणि चार गडी. हुप म्हणून उचललं आणि बाजूला ठेवलं. फियाटचं इंजिन छोटंसं, अँबेसिडरचं जड. चेनपुली कोणाकडे होती तेव्हा?

लोकोशेड · रात्री १०:१०

उस्ताद, रागावू नका. भुसावळच्या लोकोशेडमध्ये आयुष्य गेलं, जड सामान उचलण्यावरच पगार घेतला. चार गड्यांनी उचललेल्या वजनात कधीच चौघांचा सारखा वाटा नसतो. एकाचा पाय घसरला की त्याचा भार त्याच घडीला तिघांवर जातो, आणि तिघं तो सोडतात. बोटं जातात ती तेव्हाच. तुमची शाबूत राहिली याचा आनंद आहे, पण ज्यांची गेली ते इथे लिहायला आलेले नाहीत.

काळीपिवळी · रात्री १०:२५

बांबू आणि दोरही सोडा. हल्ली सगळीकडे एकच सल्ला मिळतो, "जेसीबी बोलवा". तोही घेऊ नका. जेसीबीचा हात इंचाने हलत नाही, वीतभराने हलतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून सरळ रेषेत सुटायला हवा. तिथे वीतभर हिसका म्हणजे प्लेट वाकली किंवा बेल हाउसिंगचा (क्लचभोवतीच्या कवचाचा) कान तुटला. तो कान तुटला तर वेल्डिंगवाल्याच्याही पाया पडावं लागतं.

शिरपूरकर · ९ एप्रिल, सकाळी ६:२०

भाऊ, तुळई सोडा, बोअरवेलची घोडी घ्या. आमच्याकडे सबमर्सिबल मोटर काढायला तीन पायांची लोखंडी घोडी असते, वर चेनपुली. पाचशे फुटांवरून पाण्याने भरलेल्या पाइपासकट मोटर वर ओढते, तिला तुमचं इंजिन म्हणजे खेळणं. तुमच्याकडेही प्रत्येक गावात एखादा मोटर काढणारा असतोच. दिवसाच्या भाड्याने मिळेल, कधी ओळखीत फुकटही.

दोन पाय गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिसरा पुढे. इंजिन वर आलं की घोडी हलवायची नाही. गाडी मागे ढकलायची. लोक उलटं करतात, टांगलेल्या इंजिनासकट घोडी सरकवायला जातात आणि पाय फाकतात. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा, म्हणजे फाकणार नाहीत.

आणि जमीन. तुमच्याकडे अंगणात काळी माती असेल तर उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. घोडीचा पाय भेगेत गेला की सगळं तिरकं. पायाखाली लोखंडी प्लेट किंवा जाड फळ्या टाका. पावसाआधी उरकून घ्या, एकदा मृग लागला की ते अंगण तुमचं राहत नाही.

बोरीकाठ · सकाळी ८:०५

शिरपूरकर भाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. गावात मोटर काढणारा आहे, त्याची घोडी दहा फुटी आहे. पुरेल?

तापीवाली · सकाळी ८:४०

खालून मोजत या. गाडीचा पुढचा पत्रा जमिनीपासून साधारण तीन फूट. त्याच्या वरून इंजिनाचा तळ जायला हवा, म्हणजे इंजिनाची स्वतःची उंची अडीच फूट. वर साखळी दीड फूट, आणि चेनपुलीचे दोन हुक पूर्ण जवळ आणले तरी त्यातलं अंतर फूटभर तर जातंच. झाले आठ. घोडीचे पाय फाकवल्यावर दहा फुटाची साडेआठ-नऊ राहते. पुरेल, पण घासून. म्हणून गाडी उचलायच्या वेळी चाकांवरच ठेवा, स्टँडवर नको.

साखळी बांधताना कोनाकडे लक्ष द्या. इंजिनाच्या दोन टोकांना धरलेल्या साखळ्यांमध्ये वर साठ अंशांचा कोन असेल तर प्रत्येकीवर एकूण वजनाच्या ५८ टक्के भार येतो. नव्वद अंशांना ७१ टक्के. एकशेवीस अंशांना प्रत्येक साखळीवर पूर्ण वजन येतं. उंची कमी पडते म्हणून साखळी आखूड करून ताणायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा.

लोकोशेड · सकाळी ९:१५

ताईंनी गणित सांगितलं, मी हाताचं सांगतो.

चेनपुली एक टनाची घ्या, अर्ध्या टनाची मिळाली तरी. वजनासाठी नाही, तिचे हुक आणि साखळी जाड असते म्हणून. हुकाला पट्टी आहे का, स्प्रिंग जिवंत आहे का बघा. पट्टी तुटलेला हुक घेऊ नका. इंजिन उचलण्यापूर्वी तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी, सिमेंटच्या तीन-चार गोण्या एकत्र बांधून, फूटभर उचला आणि चहा पिऊन या. घोडी खचली, पाय सरकला, पुली घसरली, जे व्हायचं ते सिमेंटवर होईल.

साखळी कुठे अडकवायची? हेडच्या बोल्टांना लिफ्टिंगचे कान असतील तर तिथे. नसतील तर पुढे एका बाजूला, मागे दुसऱ्या बाजूला, कर्णात, जाड पट्टीचे कान करून हेडच्या स्टडवर घ्या. बोल्ट लावावे लागले तर ८.८ चे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. बिनआकड्याचा बोल्ट वाकतो. रॉकर कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड, डायनामोचं ब्रॅकेट, यांना वजन द्यायचं नसतं. संपखालून (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखालून) पट्टा घालून उचलणारे असतात, त्यांचा संप नंतर ऑइल पंपाच्या जाळीला टेकलेला सापडतो.

आणि एक, हा माझा हट्ट समजा. टांगलेल्या इंजिनाखाली हात नाही, पाय नाही, डोकं तर नाहीच. अडकलेला बोल्ट दिसला तरी आधी इंजिन खाली, मग हात आत. एकच माणूस साखळी ओढणार आणि एकच माणूस बोलणार. "थांब" मात्र कोणीही म्हटलं तरी थांबायचं.

काळीपिवळी · सकाळी ११:५०

आता पद्मिनीपुरतं.

सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बॅटरीच बाहेर ठेवा. बॉनेट काढताना बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून घ्या, नाहीतर परत बसवताना फटी जुळवत बसाल. पाणी आणि ऑइल काढा. रेडिएटर बाहेर, फॅनसकट. त्याच्या जाळीला नख लागलं तरी दुमडते, पुठ्ठा बांधा.

पेट्रोलची टाकी मागे असते, पंप इंजिनावर. पाइप पंपावरून सोडला की टाकीतलं पेट्रोल सायफनने खाली येत राहू शकतं. त्यात लगेच मापाचा बोल्ट खुपसून क्लॅम्प कसा. हे विसरणारे खूप आहेत, आणि ओसरीत वास आल्यावर आधी बिडी विझवायला धावतात.

कार्ब्युरेटर, चोक केबल, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी, डिस्ट्रिब्युटर कॅप, ऑइल प्रेशरची आणि तापमानाची वायर, स्टार्टरची जाड वायर. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नंबर घाला, फोटो काढा, नट लहान पिशवीत आणि पिशवीवरही तोच नंबर. एक्झॉस्टचे नट आदल्या रात्री भिजवा, गंजलेले असणारच. जोर लावून स्टड मोडू नका. थोडं घट्ट करायच्या दिशेने, थोडं सोडायच्या दिशेने, असं चाळवत काढा.

इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी सोडली की तिचा फोटो वेगळा ठेवा. परत लावायची राहिली तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून परतीचा रस्ता शोधतो आणि केबल लाल होऊन जळते.

गिअर स्टिअरिंगवर आहे, त्याच्या दांड्या गिअरबॉक्सपर्यंत जातात. घरी करताय तर गिअरबॉक्स जागेवर ठेवून फक्त इंजिन काढा. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा द्या, नाहीतर इंजिन सुटल्यावर तो पुढून खाली झुकतो. बेल हाउसिंगचे बोल्ट सुटले की इंजिन सरळ पुढे घ्या, शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत वर नको. अडलं तर पहारीने उचकटू नका. एखादा बोल्ट राहिलेला असतो, बहुतेक वेळा स्टार्टरजवळचा.

तापीवाली · दुपारी १:१०

दोन गोष्टी राहिल्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत वाहते आणि खड्ड्यात साठते. ओसरीला तपासणीचा खड्डा असेल तर त्या दिवशी त्यात उतरू नका. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. पहाटे सुरू करा, देव्हाऱ्यातली समई आणि चुलीचा जाळ लक्षात ठेवा, भाग धुवायला पेट्रोलऐवजी डिझेल वापरा. पावडरचा सिलिंडर हाताशी असावा, पाण्याची बादली पेट्रोलवर उपयोगाची नाही. कोरडी वाळू चालेल.

दुसरं, क्लचच्या पोकळीत काळी भुकटी दिसेल. जुन्या प्लेटांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. तिला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, झाडूही नको. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

जुना_उस्ताद · दुपारी ३:३०

जळक्या ऑइलचं काय करणार? आमच्याकडे दारं, खांब रंगवायचो, वाळवी लागत नाही.

तापीवाली · दुपारी ४:०५

काका, ते हाताला, मातीला आणि विहिरीला लागतं. जळकं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यायचं. आणि हातमोजे घालायचे, तरुणपणी घातले नाहीत तरी आता घाला.

उगाच_आगाऊ · दुपारी ४:२०

उस्ताद गप्प. इतिहासात नोंद करा.

बोरीकाठ · २० एप्रिल, रात्री ९:३०

इंजिन बाहेर. घोडीवाल्याने भाडं घेतलंच नाही, जाताना गाडीत बसून एक चक्कर कबूल करून घेतली.

लोकोशेड नानांनी सांगितल्याप्रमाणे आधी सिमेंट टांगलं. बरं झालं, डावा पाय फळीसकट तीन बोटं खचला. ती जागा खोदून खाली दगड भरला, मग पुढचं. लोकोशेड नाना, तुम्ही सांगितलं तसंच केलं, एक बोलणार आणि बाकीचे गप्प, त्यामुळे घरातली सगळी मंडळी जराशी नाराज झाली.

शाफ्ट सुटताना अडला. पहार आणायला गेलेला चुलतभाऊ काळीपिवळी भाऊंची ओळ आठवून परत आला. आरशाने पाहिलं तर खरंच स्टार्टरजवळचा एक बोल्ट ग्रीसखाली लपला होता. तो काढल्यावर इंजिन लोण्यातून सुटल्यासारखं पुढे आलं.

सध्या इंजिन जुन्या टायरवर बसवून, लाकडाच्या ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी पाचर मारून ठेवलंय. हेड आणि पिस्टन काढले तेव्हा दोन नंबरमध्ये वरची रिंग तुकड्यात निघाली, सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा आहेत, नखाला लागतात. चार नंबरची फक्त जाम झालेली. आता प्रश्न असा आहे, की कुर्ल्याहून टॅक्सीतून निघालेला ब्लॉक आणावा का? मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, तेव्हापासून बरेच ब्लॉक तिथे पडून असतील असं ऐकतो.

काळीपिवळी · रात्री १०:०५

मिळतील, पण त्यातले बरेच सीएनजीवर पळलेले. व्हॉल्व्ह सीट खचलेल्या असतात, बोअर तुमच्यापेक्षा मोठा झालेला असतो, आणि विकणारा "चालू कंडिशन" म्हणून देतो. तुमचा ब्लॉक आधी मोजून घ्या. रेघा खोल असल्या तरी पुढच्या मापाला बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो. ते शक्य नसेल तर स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नळी).

लोकोशेड · रात्री १०:३०

माप घेताना सिलिंडरमध्ये वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं घ्या. नुसत्या वरच्या मापावर पिस्टन आणू नका. बोअर वर जास्त घासतो आणि लंबगोल होतो.

शिरपूरकर · २१ एप्रिल, सकाळी ६:१०

दुसरा ब्लॉक आणलात तर आरटीओचंही बघा भाऊ. आरसीवर इंजिन नंबर असतो, ब्लॉक बदलला की नंबर बदलला. तसं बदलून गाडी रस्त्यावर आणण्याआधी नोंद करून घ्या, नाहीतर पुढे पुनर्नोंदणीच्या वेळी चासिस आणि इंजिन दोन्ही पडताळतात तेव्हा अडकाल. जुनाच ब्लॉक बोअर केला तर नंबर तोच राहतो, काहीच करावं लागत नाही.

बोरीकाठ · सकाळी ७:४५

मग जुनाच. वडिलांनाही तेच हवं आहे. ब्लॉक आज टेम्पोत घालून धुळ्याला बोअरिंगवाल्याकडे नेतोय, मोजमाप आलं की इथे टाकतो. क्रँकचीही मापं एकदमच घेऊन येतो, बेअरिंग नंतर.